ना डावे, ना उजवे : तालुक्यात लोकचळवळ उभी करू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या गावात नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी येत असे आणि तेही पहाटे तीनच्या सुमारास. त्या प्रश्नावर काही करावे म्हणून आम्ही अकरा जण एकत्र आलो, तेव्हा पहिल्या महिन्याभरात लोकांनी आम्हाला पाण्याविषयी फारसे विचारलेच नाही. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : ‘‘तुम्ही कोणाचे?’’ आम्ही ‘‘कोणाचेच नाही’’ म्हणालो की समोरचा समजूतदारपणे हसत असे, कारण त्याच्या लेखी आम्ही खरे नाव सांगायचे टाळत होतो. पुढच्या चार वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या त्या नव्याने काम सुरू करणाऱ्यांना टाळता याव्यात, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत १७८९ साली राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसू लागले, तिथून डावे-उजवे हे शब्द आले. आपल्या तालुक्यात या शब्दांना पुस्तकी चर्चेत मान असला, तरी रोजच्या व्यवहारातील खरी विभागणी गटांची असते. साखर कारखाना कोणाकडे, बाजार समिती कोणाकडे, दूध संघात कोण, यावरून माणूस ओळखला जातो. म्हणून डाव्या-उजव्यांपलीकडे जायचे ठरवणाऱ्याला दोन कुंपणे ओलांडावी लागतात, एक विचारसरणीचे आणि दुसरे गटाचे. माझ्या अनुभवात दुसरे कुंपण अधिक उंच आहे.

१. मागणी एका वाक्यात लिहून काढा

‘आम्ही डावेही नाही आणि उजवेही नाही’ ही भूमिका होत नाही. ती एक रिकामी जागा असते आणि रिकाम्या जागेवर गावातला सर्वांत बळकट गट येऊन बसतो. ती जागा अशा मागणीने भरावी लागते, जी मान्य करताना कोणालाही आपला पक्ष, जात किंवा देव सोडावा लागत नाही.

शेतकरी संघटनेचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. शरद जोशी यांनी चाकणच्या परिसरात कांद्याच्या भावापासून काम सुरू केले आणि १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस व कांद्याच्या आंदोलनात हजारो शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर उतरले. मागणी एकच होती, शेतमालाला रास्त भाव. तिच्यामुळे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला एका रांगेत बसला. ही बड्या शेतकऱ्यांची चळवळ आहे, असे अनेक डाव्यांनी म्हटले, आणि सरकारने शेतीतून हात काढावा या तिच्या आग्रहामुळे ती समाजवाद्यांच्या चौकटीतही बसेना. तरी गावातल्या माणसाला ती समजत होती, कारण कांद्याच्या पट्टीवरचा आकडा त्याला दिसत होता.

मागणी पारखण्यासाठी आम्ही पुढे तीन प्रश्न वापरू लागलो. ती मान्य झाली की नाही हे एखाद्या तारखेला कोणालाही तपासता येईल का? ती मान्य करण्याचा अधिकार नेमका कोणत्या कार्यालयाकडे आहे? आणि तुमच्या गावातील दोन परस्परविरोधी गटांतील प्रत्येकी पाच माणसे तिच्याखाली सही करतील का? ‘भ्रष्टाचार हटवा’ ही मागणी पहिल्याच प्रश्नावर बाद होते. ‘येत्या ३१ मार्चपूर्वी सर्व प्रभागांना दिवसाआड पाणी’ ही मागणी तिन्ही प्रश्नांवर टिकली.

२. पहिली बैठक कोठे आणि कशी घ्यावी

आमची पहिली बैठक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाली. जागा मोठी, फुकट आणि पंख्याची सोय असलेली, यापलीकडे आम्ही कोणताही विचार केला नव्हता. मोहल्ल्यातून कोणी आले नाही, बौद्धवाड्यातून दोघे आले आणि पायरीजवळ उभे राहून निघून गेले. त्यांना कोणीही अडवले नव्हते. मात्र जागेनेच त्यांना सांगून टाकले होते की ही बैठक कोणाची आहे. दुसरी बैठक आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात घेतली, तिसरी मोहल्ल्यातल्या एका पिठाच्या गिरणीपुढे, आणि त्यानंतर दर बैठकीची जागा बदलायची असा नियमच केला. वेळेचेही तसेच आहे. सायंकाळी सातला बैठक ठेवली तर स्त्रिया येत नाहीत, आणि पाण्याविषयी सर्वाधिक माहिती त्यांच्याकडेच असते.

फलकाचा रंग ठरवताना असाच घोळ झाला. भगवा, निळा, हिरवा आणि लाल हे रंग आधीच कोणाचे ना कोणाचे आहेत. अखेर आम्ही पांढऱ्यावर काळी अक्षरे छापायला दिली, तेव्हा फ्लेक्सवाल्याने गंभीरपणे विचारले, ‘‘शोकसभा आहे का?’’ आम्ही तोच फलक कायम ठेवला. भाषणाच्या शेवटी काय म्हणायचे, यावर तर एक संपूर्ण बैठक गेली. ‘जय महाराष्ट्र’, ‘जय भीम’, ‘जय श्रीराम’, ‘लाल सलाम’ किंवा ‘रामकृष्ण हरी’ यांपैकी कशानेही शेवट केला, तरी ऐकणारा वक्त्याला लगेच एका कप्प्यात टाकतो. व्यासपीठावर फक्त ‘नमस्कार’ म्हणायचे आणि खाली उतरल्यावर ज्याला जे म्हणायचे ते त्याने खुशाल म्हणावे, असे ठरले. शाल-श्रीफळ, सत्कार आणि मान्यवरांच्या खुर्च्या पहिल्या दिवसापासून वर्ज्य करा. खुर्ची एकदा मांडली की पहिल्या रांगेवरून रुसवेफुगवे सुरू होतात.

३. नियमावली यशापूर्वी लिहा

हा टप्पा सर्वांना कंटाळवाणा वाटतो आणि चळवळी बहुधा इथेच मोडतात. डावे आणि उजवे एकत्र आल्याचे देशातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९७७ चा जनता पक्ष. आणीबाणीच्या विरोधात समाजवादी, जनसंघीय आणि जुने काँग्रेसजन एका छत्राखाली आले आणि त्यांनी सत्ता मिळवली. मात्र जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवावे की नाही, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद आधी मिटवलेला नव्हता. सत्ता आल्यावर तो पेटला आणि इतर भांडणांची त्यात भर पडून १९७९ च्या जुलैत मोरारजी देसाई यांना पायउतार व्हावे लागले.

त्यावरून धडा घेऊन आम्ही असे लिहिले : कोणत्याही पक्षाचा सदस्य चळवळीचा सदस्य होऊ शकेल, पक्षाचा पदाधिकारी मात्र आमचा पदाधिकारी होणार नाही, आणि कोणत्याही निवडणुकीचा अर्ज भरणाऱ्याने अर्जाच्या आदल्या दिवशी पद सोडले पाहिजे. या तिसऱ्या कलमामुळे आमचे दोन चांगले कार्यकर्ते गेले, पण चळवळ राहिली.

निर्णय कसे घ्यावेत याबाबत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा देणाऱ्या या गावाने निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजवली आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची सवय लावली. वन हक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत २००९ साली त्याचा समावेश झाला. मात्र हे लहान आणि एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचे गाव आहे, हे विसरू नये. चाळीस हजार वस्तीच्या गावात आम्ही सर्वसहमतीचा हट्ट धरला तेव्हा एकच माणूस तीन बैठका अडवून बसला. शेवटी तडजोड अशी झाली की दोन बैठकांत सहमती झाली नाही, तर तिसऱ्या बैठकीत दोन-तृतीयांश मतांनी निर्णय व्हावा आणि विरोधकांचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे.

इतिवृत्ताची वही बांधीव आणि पृष्ठांक टाकलेली असावी. व्हॉट्सॲप गटावर झालेला निर्णय हा निर्णय धरू नये. गटावर रात्री अकरानंतर जे लिहिले जाते त्याने आमची जेवढी हानी केली, तेवढी विरोधकांनी केली नाही.

४. कागद मिळवा

माहिती अधिकाराचा अर्ज हे तुमचे पहिले हत्यार आहे. केंद्राचा कायदा २००५ चा असला तरी महाराष्ट्राने त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता, आणि अण्णा हजारे यांच्या उपोषणांचा त्यात मोठा वाटा होता. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा. ही मर्यादा माहीत नसल्यामुळे आमचा पहिला दोन पानी अर्ज परत आला. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. प्रश्न ‘का’ असा विचारू नये, कारण त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक कालावधीतील टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत द्यावी’ असे लिहावे.

प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. आवक-जावक कक्षातील कारकून ‘‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’’ असे म्हणेल, तरी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय तेथून हलू नये.

तुम्ही ग्रामपंचायत क्षेत्रात असाल तर ग्रामसभा सोडू नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान लागणारी हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. येथे एक सापळा आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही, आणि नको असलेला ठराव तेथे मोजक्या माणसांत मंजूर करून घेता येतो. म्हणून पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेला अधिक माणसे न्या.

५. पैशाचा हिशेब पहिल्या रुपयापासून

सुरुवातीला आमच्या वर्गण्या एका सदस्याच्या स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर येत होत्या. माणूस सरळ होता. पण सहा महिन्यांनी कोणीतरी कुजबूज सुरू केली तेव्हा त्याच्या खात्याच्या उताऱ्यात आमच्या वर्गण्या, त्याच्या घरचा गॅस आणि मुलीची शाळेची फी हे सारे एकाखाली एक होते. त्याने तो उतारा चौकात वाचून दाखवायची तयारी दाखवली आणि आम्ही शरमलो. आता खाते चळवळीच्या नावे आहे, त्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात, आणि महिन्याचा जमाखर्च शाळेच्या व्हरांड्यात कागदावर चिकटवला जातो. बँक यासाठी नियमावली, ठराव आणि पॅन मागते.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करायची असल्यास किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. त्या कायद्यात राजकीय शिक्षणाचा प्रसार हा हेतू मान्य आहे, परंतु निवडणूक लढवणे हे संस्थेचे काम नाही. नोंदणीकृत संस्थेच्या पैशातून उमेदवाराचे पत्रक छापण्याचा मोह कितीही झाला, तरी तो आवरावा.

परदेशी असलेल्या गावकऱ्यांकडून मदत येते, तिथेही काळजी घ्यावी. राजकीय पक्ष, उमेदवार आणि राजकीय स्वरूपाची ठरवलेली संघटना यांना विदेशी योगदान घेण्यास २०१० च्या कायद्याने मनाई आहे. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ते विदेशी योगदान धरले जात नाही. मात्र ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे पैसे विदेशी ठरतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या चुलतभावाला हा प्रश्न विचारताना अवघड वाटते, तरी विचारावा.

६. रस्त्यावर उतरण्यापूर्वी

मोर्चाची लेखी सूचना पोलीस ठाण्यात द्या, मार्ग आणि वेळ लिहा, पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश अनेक जिल्ह्यांत वारंवार निघतात, त्यामुळे आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. ध्वनिक्षेपकाला वेगळी परवानगी लागते. भिंती रंगवणे आणि विनापरवाना फलक लावणे हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नगरपरिषदेविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांचे फलक नगरपरिषदेला सर्वांत आधी दिसतात.

७. निवडणूक लढवायची की नाही

हा प्रश्न तुम्हाला लोक विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारा. शेतकरी संघटनेने निवडणुकीपासून दूर राहण्याची सुरुवातीची भूमिका बदलत नेली आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. रस्त्यावर लाखांनी जमणारे शेतकरी मतपेटीपाशी पुन्हा आपापल्या गटात परतले. २०११ च्या लोकपाल आंदोलनातून २०१२ साली आम आदमी पक्ष निघाला आणि अण्णा हजारे त्यात गेले नाहीत. दोन्ही ठिकाणी उत्तर उशिरा ठरले. लढायचेच असेल तर पायरीपायरीने लढावे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, तेथे पॅनेल असते, त्यामुळे शिकायला ती जागा चांगली. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभेच्या भारत निवडणूक आयोग घेतो, आणि नवखी माणसे या दोन कार्यालयांत नेहमी गोंधळ करतात.

पक्षाची नोंदणी भारत निवडणूक आयोगाकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९अ खाली होते. स्थापनेपासून तीस दिवसांच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे, आणि हीच मुदत सर्वाधिक लोकांची चुकते. म्हणून कागद आधी गोळा करावेत आणि स्थापनेची सभा नंतर घ्यावी. सोबत लागणाऱ्या प्रमुख गोष्टी अशा :

– पक्षाची घटना, ज्यात ठरावीक मुदतीने, कमाल पाच वर्षांनी, अंतर्गत निवडणुका घेण्याची आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत निवडणूक लढवण्याची तरतूद हवी
– किमान शंभर सदस्यांची यादी. ते नोंदणीकृत मतदार असले पाहिजेत आणि अन्य कोणत्याही पक्षाचे सदस्य नसावेत, याची शपथपत्रे
– दहा हजार रुपयांचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट)
– कार्यालयाच्या जागेच्या मालकाचे ना हरकत पत्र
– त्यानंतर दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत जाहीर सूचना, जिच्यावर हरकतींसाठी तीस दिवस दिले जातात

आमच्या ‘कोणत्याही पक्षाचा सदस्य चालेल’ या कलमाची आणि या शंभर शपथपत्रांची टक्कर होते, हे लक्षात आले असेल. चळवळ आणि पक्ष यांची सदस्य यादी एक असू शकत नाही, हे आम्हाला नोटरीच्या टेबलापाशी उभे राहिल्यावर कळले.

घटनेत आणखी एक वाक्य सक्तीचे आहे. राज्यघटनेवर, तसेच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर पक्षाची निष्ठा राहील, असे लिहून द्यावे लागते. म्हणजे डाव्या-उजव्यांपलीकडचा पक्ष काढायला निघालेल्या माणसालाही दारातच समाजवादाची शपथ घ्यावी लागते. राज्यसभेचे सदस्य असताना शरद जोशी यांनी हा शब्द वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. तो आजही कायद्यात आहे. आमच्यातील व्यापारी आणि आमच्यातील जुने समाजवादी या वाक्यावर दोन तास भांडले आणि शेवटी दोघांनीही सही केली, प्रत्येकाने त्या शब्दाचा आपापला अर्थ मनात धरून.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. तुमचा पक्ष नोंदणीकृत, पण अमान्यताप्राप्त राहील. उमेदवाराला दहा सूचक (त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) लागतील आणि चिन्ह मुक्त चिन्हांतून, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेल्या चिन्हांतून, घ्यावे लागेल. विधानसभेची अनामत दहा हजार रुपये असते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी, आणि वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. कागदावरचा पक्ष तसाच पडून राहील, या भरवशावरही राहू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेल्या आणि पत्त्यावर न सापडलेल्या ३३४ पक्षांची नावे यादीतून काढली.

८. मागणी मान्य झाल्यावर

मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य या एका मागणीसाठी संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि हिंदुत्ववादीही होते. १९५७ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले आणि समितीने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात जबर धक्का दिला. १ मे १९६० रोजी राज्य झाले, आणि समिती टिकली नाही. याला मी अपयश मानत नाही. एका मागणीसाठी जमलेली माणसे ती पूर्ण झाल्यावर पांगणारच. वाईट असते ते नुसत्या पाटीचे उरणे, कारण ती पाटी मग कोणीतरी विकत घेते.

म्हणून नियमावलीत विसर्जनाचे कलम आरंभीच घाला. आमचे असे आहे : मागणी पूर्ण झाल्याचे सभेने नोंदवल्यावर सहा महिन्यांत सर्व सदस्यत्वे आपोआप संपतील, नवी मागणी घ्यायची असल्यास नवा अर्ज, नवी वर्गणी आणि नवे पदाधिकारी, जुन्या पदाधिकाऱ्यांना एका मुदतीपुरते पद नाही, शिल्लक रक्कम शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी.

गेल्या उन्हाळ्यात दिवसाआड पाणी सुरू झाले आणि हे कलम प्रत्यक्षात आले. खात्यावर १,३४० रुपये होते, ते मुख्याध्यापकांकडे पावती घेऊन दिले. २१२ सदस्यांपैकी ६१ जणांनी कचरा डेपोच्या प्रश्नासाठी पुन्हा अर्ज भरला. त्यांच्या पहिल्या बैठकीला मी मागच्या ओळीत बसलो होतो, आणि नव्या अध्यक्षबाईंनी सर्वांत आधी मोहल्ल्यातल्या गिरणीवाल्यांना विचारून घेतले की पुढची बैठक त्यांच्या दारात चालेल का.